विक्रम आणि वेताळ मुंबईला जातात

मुलांनो, आमचं सेलू तुम्ही पाहिलंय का? परभणीहून आगगाडीनं मनमाडकडं निघालं की मानवत रोड लागतं आणि मग सेलू. कापसाचं गाव. दिवाळीनंतर आलात तर जिनिंगच्या आवारात कापसाचे पांढरे ढीग दिसतील. २०२५ सालच्या एप्रिल महिन्यात याच सेलूच्या स्टेशनवरून आम्ही तिघं रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला निघालो. मी, माझ्या बहिणीचा मुलगा आणि वेताळ!

हो, वेताळच. विक्रमराजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगणारा. जुन्या धोतराचा शिवलेला, पोटात कापूस भरलेला, चांगला साडेचार फूट लांब. तिकीट मात्र आम्ही दोघांचंच काढलं होतं. टी.सी. साहेब आले, त्यांनी वरच्या बर्थवर लोंबणारे पाय पाहिले आणि विचारलं, "बाई, हे तिसरं कोण?" मी म्हटलं, "वेताळ आहे, साहेब." ते क्षणभर माझ्याकडं पाहत राहिले. मग एक पाय दाबून पाहिला आणि हसत हसत पुढं गेले.

आम्ही निघालो होतो 'कॉमिक कॉन'ला. म्हणजे अद्भुत गोष्टींवर, चित्रकथांवर, सुपरहिरोंवर आणि जपानी कार्टूनवर जीव टाकणाऱ्यांची जत्रा. तिथं माणसं नुसती पाहायला येत नाहीत, तर आपल्या आवडत्या पात्राचा वेष करून येतात. परत आल्यापासून माझ्या शाळेतली आणि गल्लीतली लेकरं सारखी विचारतात, "मॅडम, तिकडं कसं जायचं? पैसे किती लागतात? कुणीही गेलं तर चालतं का?" प्रत्येकाला वेगळं सांगून माझा घसा बसला. म्हणून सगळं एकदाच इथं लिहिते.

आधी ही जत्रा आली कुठून ते थोडक्यात सांगते. १९३९ साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात विज्ञानकथांच्या वाचकांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. माणसं होती दोनशेच्या आसपास. त्यात लॉस एंजेलिसहून आलेला फॉरेस्ट अॅकरमन नावाचा तरुण आणि त्याची मैत्रीण मर्टल डग्लस भविष्यकाळातल्या माणसांचे कपडे घालून हजर झाले. दोघांचेही कपडे मर्टलनं स्वतः शिवले होते. बाकी सगळे कोट-टायमध्ये आणि हे दोघे असे! लोकांना ती कल्पना इतकी आवडली की पुढच्या संमेलनांत वेष करून येणाऱ्यांची रांगच लागली. १९७० साली सॅन दिएगो शहरात चित्रकथांचं संमेलन सुरू झालं. पहिल्या वर्षी तीनेकशे लोक आले होते, आता लाखाच्या वर येतात. अशा वेष करण्याला 'कॉस्प्ले' हे नाव मात्र जपान्यांनी दिलं. कॉस्च्यूम आणि प्ले हे दोन शब्द जोडून त्यांनी तो बनवला. भारतात जतिन वर्मा यांनी २०११ साली दिल्लीत पहिलं कॉमिक कॉन भरवलं आणि मग ते मुंबईलाही आलं.

पण वेष घेऊन फिरणं आपल्याला कुठं नवीन आहे? माझ्या लहानपणी गावात बहुरूपी यायचे. एक जण तर पोलीस होऊन आला आणि माझ्या काकांना सायकलला दिवा नाही म्हणून दमात घेऊ लागला. काकांनी खिशातून पैसे काढले तेव्हा त्यानं सलाम ठोकला. कोकणात दशावतार आहेत. नाशिक-ठाण्याकडच्या आदिवासी गावांत बोहाड्याला देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून रात्रभर नाचतात. त्यामुळं माझी बहीण जेव्हा म्हणाली, "दहावीचं पोरगं अन् सोंग काढायला मुंबईला न्यायलीस?" तेव्हा मी तिला बोहाड्याचंच उदाहरण दिलं. तिला ते फारसं पटलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आता माझ्या भाच्याबद्दल थोडं सांगते. तसं त्याला विचारूनच लिहितेय. तो बोलताना अडखळतो. 'प' आणि 'क' ही अक्षरं आली की शब्द ओठातच अडतो, आणि त्याचं नाव नेमकं 'प'नं सुरू होतं. वर्गात हजेरी, दुकानात पत्ता, सगळीकडं हीच अडचण. मग त्यानं बोलणंच कमी केलं. वाचायला मात्र पक्का. आजोबांच्या ट्रंकेत 'चांदोबा'चे जुने अंक होते, त्यांची त्यानं पारायणं केली. चांदोबा आता छापला जात नाही, पण तुमच्या आजी-आजोबांना विचारा. मराठीत तो १९५२ साली सुरू झाला. त्यातलं तलवार हातात आणि प्रेत खांद्यावर घेतलेल्या राजाचं चित्र त्यांना अजून आठवत असेल. शंकर या नावानं चित्रं काढणारे के. सी. शिवशंकरन ते काढायचे. २०२० साली ते वारले. गोष्टी मात्र त्याहून कितीतरी जुन्या. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागर' या संस्कृत ग्रंथात त्या आहेत. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' लिहिली ती १८३० साली!

भाच्यानं मोबाइलवर कॉमिक कॉनची चित्रं पाहिली आणि मला म्हणाला, "मावशी, मी विक्रम होणार." का, ते मला लगेच कळलं. गोष्टीतल्या राजाला बोलायचं नसतं. तो बोलला की वेताळ उडून परत झाडावर!

असो. आता जाण्याची तयारी.

पहिली गोष्ट तारखेची. ही जत्रा शनिवार-रविवार अशी दोन दिवस असते. मुंबईत २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी ती एप्रिलमध्ये भरली. जागा बांद्रा-कुर्ला संकुलातलं जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर. पूर्वी ती डिसेंबरातही झालेली आहे, गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रातही झालेली आहे. म्हणजे तारीख आणि जागा दर वर्षी नव्यानं पाहायची. कुणी सांगितलं म्हणून निघायचं नाही. एप्रिल म्हटलं की आपल्या वार्षिक परीक्षा आल्या. २०२५ साली तर पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिलच्या दरम्यान होत्या. माझी लेक पाचवीत. तिचा पेपर होता, म्हणून ती राहिली, आणि आम्ही निघेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. भाच्याची दहावी मार्चमध्येच आटोपली होती. परीक्षा बुडवून जाऊ नका. जत्रा पुढच्या वर्षी पुन्हा येते.

दुसरी गोष्ट गाडीची. सेलूहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास. देवगिरी आणि नंदिग्राम या रात्रीच्या गाड्या. संध्याकाळचं जेवण करून बसलं की सकाळी मुंबई. तपोवन ही दिवसाची गाडी, पण ती मुंबईला पोचायलाच रात्र होते, म्हणजे मुक्काम आला. पूर्वी चार महिने आधी आरक्षण मिळायचं. नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी मिळतं. तेव्हा जत्रेची तारीख जाहीर झाली की कॅलेंडरवर साठ दिवस मागं मोजा आणि त्या सकाळी आईबाबांना आठवण करा. परतीचं तिकीटही लगेच काढा. रविवारी रात्री मुंबईहून निघणाऱ्या गाड्यांना मरणाची गर्दी असते.

आम्ही शनिवारी माझी सकाळची शाळा करून रात्री निघालो. रविवारी जत्रा पाहिली आणि रात्रीच्याच देवगिरीनं परत. सोमवारी १४ एप्रिल होता. सकाळी सेलूला उतरलो आणि मी तशीच आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमाला शाळेत गेले. एकही रजा लागली नाही. थकवा मात्र दोन दिवस लागला.

कल्याणला माझी नणंद राहते. पहाटे तिथं उतरून अंघोळी, पोहे, चहा झाला. मग लोकलनं कुर्ला आणि कुर्ल्याहून रिक्षा. रविवारी मुंबईच्या लोकलला मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद किंवा उशिरा. तो कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशीच्या पेपरात पाहा. तुम्ही आता जाणार असाल तर आणखी सोपं झालंय. जमिनीखालून जाणारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. सी.एस.एम.टी.ला किंवा दादरला उतरून मेट्रोत बसलात की थेट बांद्रा-कुर्ला संकुलाच्या स्टेशनात निघता. आमच्या वेळी ती तिथंच संपत होती, दादरपर्यंत आली नव्हती. नातेवाईक नसतील तर स्टेशनच्या प्रतीक्षालयात तोंड धुऊन तयार व्हा, पण वेष तिथं घालू नका. का, ते पुढं सांगते.

तिसरी गोष्ट पैशांची. ही आईबाबांनी वाचावी. पास मोबाइलवरूनच काढायचा असतो आणि तो एकेका दिवसाचा असतो. दोन्ही दिवसांची काही गरज नाही. एक दिवस पुरे. भेटवस्तूंच्या पेटीसह महागडा पास मिळतो, तोही घ्यायलाच पाहिजे असं नाही. साधा पाससुद्धा स्वस्त नाही. त्या पैशात सेलू-मुंबई स्लीपरचं जाणं-येणं होऊन वर थोडे उरतात. मला तो जड गेला, खोटं कशाला सांगू? भाच्यानं दिवाळीपासूनची ओवाळणी साठवली होती. निम्मे त्यानं दिले, निम्मे मी.

वेष करून गेलंच पाहिजे असा नियम नाही, बरं का! साध्या कपड्यांत आलेले पुष्कळ असतात. पण करायचाच असेल तर घरी करा. विकत किंवा भाड्यानं आणू नका. विकतच्या वेषात सगळे सारखेच दिसतात. मी एका खांबाजवळ उभी राहून अकरा स्पायडरमॅन मोजले.

विक्रमाचा मुकुट पुठ्ठ्याचा केला. टी.व्ही.च्या दुकानात मोठी रिकामी खोकी मागितली की मिळतात. पुठ्ठ्याला आतल्या बाजूनं अर्धवट चिरा दिल्या म्हणजे तो न मोडता गोल वळतो. वरून बेगड चिकटवली. मणी म्हणून साबुदाणा रंगवून लावला होता, पण तो मुंग्यांनी नेला. मग जुन्या ओढणीच्या टिकल्या लावल्या. अंगरखा म्हणजे आजोबांचा सदरा, काठाला माझ्या फाटलेल्या पैठणीची पट्टी. खर्च सगळा मिळून साडेतीनशे रुपये, त्यातही निम्मा फेव्हिकॉलचाच. थर्माकोलच्या भानगडीत पडू नका. गाडीच्या गर्दीत त्याचा चुरा होतो आणि तो सगळ्या डब्यात उडतो.

खरं काम होतं वेताळाचं. तो खांद्यावरून लोंबला पाहिजे, पण जड होता कामा नये. पहिल्यांदा आम्ही त्यात जुन्या चिंध्या भरल्या. उचलून पाहिलं तर भाचा वाकून पार धनुष्य! मग गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस आणला. तोही ठासून भरला तर वेताळ लोडासारखा ताठ झाला, आणि कमी भरला तर मान लुळी पडू लागली. शेवटी मान सरळ राहावी म्हणून भाच्यानं पाठीतून बांबूची कामटी घातली. ही कामटी लक्षात ठेवा.

वेषाबद्दल तीन गोष्टी मी अनुभवावरून सांगते. एक, तो घालून घरातल्या घरात दोन तास वावरून पाहा. जिना चढा, पाणी प्या, लघवीला जाऊन या. हसू नका! तिथं एक रोबो झालेला दादा बाकावर बसूच शकत नव्हता, बिचारा दुपारभर उभा होता. दुसरं, एप्रिलमधली मुंबई म्हणजे घाम. सभागृहात गार हवा असते, पण तिथंवर पोचताना तोंडाचा रंग ओघळतो. म्हणून रंगरंगोटी आणि मुकुट तिथं पोचल्यावर. तिसरं म्हणजे सुई-दोरा, सेफ्टी पिना, चिकटपट्टी आणि कात्री नव्हे तर नेलकटर, हे एका डबीत ठेवा. आमची डबी आमच्यापेक्षा दुसऱ्यांनाच जास्त उपयोगी पडली. एका जपानी वेषातल्या ताईचा पंख मी माझ्या हातानं टाचून दिला.

दारावर तपासणी असते. खऱ्या तलवारी, धातूची टोकदार हत्यारं, अणकुचीदार काही चालत नाही. हे आम्ही आधी वाचलं होतं, म्हणून पत्र्याची तलवार घरी ठेवून पुठ्ठ्याची केली होती. पण कामटी? ती आमच्या डोक्यातच आली नाही. रखवालदार काकांनी वेताळाची पाठ चाचपली आणि विचारलं, "अंदर क्या है?" भाचा बोलायला गेला, पण 'कामटी'चा 'क' काही निघेना. काका थांबले, घाई केली नाही. शेवटी त्यानं स्वतःच शिवण उसवून कामटी बाहेर काढली. टोक खरंच कुणाच्या डोळ्यात गेलं असतं. चूक आमचीच. गंमत म्हणजे मणका गेल्यावर वेताळाची मान अशी काही लोंबली की तो आता कुठं खरा मेलेला दिसू लागला!

आत गेलात की पहिल्यांदा काय कराल? सगळेच धावतात. तसं करू नका. आधी एक ठळक जागा ठरवा आणि "चुकामूक झाली तर इथं यायचं" असं एकमेकांना सांगा. गर्दीत मोबाइल ऐकू येत नाही, कधी लागतही नाही. आईबाबांचा नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. लहान भावंडं बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगा की भुतं-राक्षस दिसतील, ती माणसंच आहेत. एक छोटा मुलगा लाल तोंडाच्या सैतानाला पाहून इतका रडला, की त्या सैतानाला मुखवटा काढून त्याची समजूत घालावी लागली.

खाण्याचं सांगायचं तर, अशा मोठ्या सभागृहात घरचा डबा बहुतेक आत नेऊ देत नाहीत आणि आतलं खाणं महाग पडतं. म्हणून पोटभर खाऊनच दारात शिरा. आम्ही नणंदेकडं दशम्या-चटणी चापून खाल्ली होती, ती चार वाजेपर्यंत पुरली.

आणि फोटो. ज्यांनी वेष केलाय त्यांना फोटो काढून घ्यायला आवडतं, पण आधी विचारायचं. पाठीमागून गुपचूप काढायचा नाही. त्यांच्या अंगाला, वेषाला हात लावायचा नाही. मुलींच्या बाबतीत तर हे दहा वेळा लक्षात ठेवायचं. तुमच्याबाबतीत कुणी असं वागलं तर गप्प बसू नका. तिथं स्वयंसेवक असतात, सरळ त्यांच्याकडं जा.

खरेदीचं मोठं आकर्षण असतं. बाहुल्या, टी-शर्ट, किल्ल्यांच्या साखळ्या, भिंतीवरची चित्रं. माझं मत विचाराल तर निम्म्याहून जास्त जत्रा म्हणजे बाजारच आहे. त्यात तासभर फिरलं की डोकं गरगरतं. मोठमोठ्या कंपन्यांच्या झगझगीत दुकानांपेक्षा मला आवडली ती चित्रकारांची टेबलं. तिथं चित्रकथा काढणारी माणसं स्वतः बसलेली असतात. तुम्ही ज्या पुस्तकाचं पान उलटताय ते काढणारा हात समोरच पेन्सिल घेऊन बसलेला! त्यांच्याशी बोला. "हे कसं काढलंत?" असं विचारलं की ती माणसं खुलतात. तिथला कारभार बराचसा इंग्रजी-हिंदीत चालतो, पण मुंबईच आहे ती. मराठीत बोललात की चार जण मराठीत उत्तर देतात. मुंबईचे अभिजित किणी यांची 'अँग्री मावशी' नावाची चित्रकथा आहे. साडी नेसलेली चिडकी मावशी, वाईट लोकांना धडा शिकवणारी. ते 'टिंकल'मध्येही चित्रं काढतात. भाच्याला मी आधीच हे सांगून ठेवलं होतं. त्यानं साठवलेल्या पैशातून काय घ्यायचं ते तिथंच ठरवून टाकलं आणि माझ्याकडं पाहून असा काही हसला, की मला राग यावा की हसू तेच कळेना.

दुपारी वेषांची स्पर्धा असते. तिच्यासाठी नाव त्याच दिवशी तिथल्या टेबलावर नोंदवायचं असतं, तेही लवकर. आम्ही रांगेत उभे राहिलो. आमचा नंबर आला. टेबलामागच्या ताईनं विचारलं, "नाम?" भाच्याचे ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले. मी पुढं झाले. सवयच आहे ना आम्हाला, त्याच्यासाठी बोलायची. तेवढ्यात त्यानं मोकळा हात माझ्यापुढं आडवा धरला. खांद्यावर वेताळ, कपाळावर घाम. मागं रांग. किती वेळ गेला कुणास ठाऊक, दहा सेकंद असतील, मला दहा मिनिटं वाटली. मग नाव आलं. पूर्ण आलं. त्या ताईनं लिहून घेतलं आणि विचारलं, "कॅरेक्टर?"

"विक्रम," तो म्हणाला. 'व' त्याला कधीच अडवत नाही.

स्टेजवर प्रत्येकाला थोडाच वेळ मिळतो. काहींनी मारामाऱ्या करून दाखवल्या, संवाद म्हटले. हा नुसता चालला. चार पावलं टाकायची, थांबायचं, खांद्यावरच्या प्रेताकडं कान करायचा, पुन्हा चालायचं. मागं बसलेल्या तरुण पोरांना कळलं नसावं. पण डावीकडून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "अरे, चांदोबा!" बक्षीस मिळालं नाही. बक्षीस मिळवणाऱ्यांचे वेष पाहिले तर तोंडात बोट जाईल, महिनोन्‌महिने खपून केलेले. त्यांचं हस्तकौशल्य जवळून पाहायला मिळालं हेच पुष्कळ.

स्टेजवरून उतरल्यावर ते ओरडणारे गृहस्थ शोधत शोधत आले. पन्नाशीचे, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. त्यांनी फोटोची परवानगी विचारली. मुलगी वेताळाचा पाय पाहत होती. "दादा, हा मेलाय का?" तिनं विचारलं. भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मुद्दाम चित्रांच्या टेबलाकडं तोंड फिरवलं, कान मात्र तिकडंच होते.

त्यानं तिला गोष्ट सांगितली. अडखळत, थांबत, एकेका शब्दाला तीनतीनदा धडका देत. एवढी मोठी गोष्ट सांगताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मुलगी मध्ये एकदाही "लवकर सांग" म्हणाली नाही. शेवटी वेताळाचा प्रश्न आला. राजाला उत्तर माहीत असूनही तो गप्प राहिला तर डोकं फुटणार, आणि बोलला तर वेताळ पळणार! मुलीनं बराच विचार केला आणि म्हणाली, "पण दादा, तू तर कधीचा बोलतोयस. मग हा अजून उडाला कसा नाही?"

भाचा इतका हसला, इतका हसला, की वेताळ खांद्यावरून खाली पडला.

बाहेर निघायची वेळ सांगून ठेवते. रात्रीची गाडी असेल तर सहाच्या पुढं आत थांबू नका. सगळी गर्दी एकदम निघते आणि रिक्षा मिळत नाही. आम्ही साडेसहाला निघालो, तरी सी.एस.एम.टी.ला पोचायला आठ वाजले. कपडे मात्र आतच बदलून घ्या. भाच्यानं ऐकलं नाही. मुकुट काढला, अंगरखा तसाच ठेवला. लोकलच्या डब्यात सगळे वेताळाकडं बघत होते, पण मुंबईची माणसं! एका काकांनी शांतपणे वेताळाचे पाय बाजूला सारले आणि तिथं आपली पिशवी ठेवली.

ज्यांना मुंबईला जाणं जमणार नाही, त्यांनी काय करायचं? आम्ही काय केलं ते सांगते. १५ ऑक्टोबरला आपल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन असतो. २०२५ च्या त्या दिवशी मी वर्गात सांगितलं की प्रत्येकानं वाचलेल्या पुस्तकातलं कुणीतरी होऊन यायचं. विकतचं काही आणायचं नाही. एक जण वडिलांची सायकल ढकलत फास्टर फेणे होऊन आला. सायकल त्याच्यापेक्षा उंच होती. एक मुलगी चादर पांघरून हॅरी पॉटर झाली आणि झाडूवर बसून हजेरी दिली. दोघे जण एकाच पोत्यात शिरून हत्ती झाले. तो कुठल्या पुस्तकातला हत्ती आहे, ते शेवटपर्यंत त्यांना सांगता आलं नाही. माझा भाचा आता अकरावीत आहे. तो पाहुणा म्हणून आला आणि त्यानं पहिलीपासून पाचवीपर्यंतच्या लेकरांना वेताळाच्या दोन गोष्टी सांगितल्या. अजूनही अडखळतो तो. लेकरं मध्येच शब्द पुरवायला लागली, तर म्हणाला, "थ-थांबा रे, माझा शब्द आहे तो."

वेताळ त्या दिवसापासून आमच्या शाळेतच आहे, कपाटावर बसलेला. पहिलीतली दोन लेकरं अजून त्या खोलीत एकटी जात नाहीत. पुढच्या कॉमिक कॉनला माझी लेक त्याला नेणार म्हणतेय, या वेळी तिचा पेपर आडवा आला नाही तर. पण त्याआधी कापूस बदलावा लागेल. उंदरांनी त्याचा डावा पाय कुरतडलाय.